आवाज बंद

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात
नाकातून नळी घालून त्यांनी मला दाखवलं
माझंच स्वरयंत्र.
चौदा वर्षं मी हे फळ्यावर काढतेय,
दोन रंगांच्या खडूंनी, डोळे मिटूनही येईल,
सकाळी सहाच्या बॅचला, मग नऊच्या, मग रिपीटरच्या.
पडद्यावर ते ओलं होतं, गुलाबी,
आणि माझ्या आकृतीत कधीच नव्हत्या अशा
ज्वारीच्या कण्यांएवढ्या दोन गाठी.
"शिकवता का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
गाठींवरून कळतं म्हणे.
चिठ्ठीवर लिहिलं: आठ दिवस बोलू नये.
त्याखाली, दोन रेघा ओढून: कुजबुजही नको.

बाहेर आले तर फोनवर पंधरा निरोप.
उत्सर्जन संस्था कोण घेणार.
मॅडम, रविवारच्या टेस्टची उत्तरं.
संचालक सरांचा अंगठा: काळजी घ्या, सोमवारी या.

खरं सांगायचं तर
आवाज दिवाळीतच गेला होता.
गुळण्या, जेष्ठमध, मग गळ्यातला माईक,
असं ओढत ओढत आणला त्याला हरभऱ्याच्या काढणीपर्यंत.
पत्र्याचा हॉल, एकशे ऐंशी पोरं,
पंखे बंद, कारण त्यांच्या घरघरीत मी ऐकू येत नाही.
दर चार वाक्यांनी "समजलं?"
भाजीवालीला पैसे देताना "समजलं?"
पहिल्यांदा नवरा हसला. पुढं हसायचा थांबला.
आईचा फोन स्पीकरवर ठेवून मी पेपर तपासायची.
"समजलं," शेवटी आईच म्हणायची,
आणि ठेवायची.

श्रावणात एक मुलगी आली होती, शंकांच्या तासाला.
वही उघडी, पान कोरं.
"मॅडम, मला रात्री..."
मी म्हणाले, पान एकशे बारा, आकृती बघ,
आणि तिच्या मागच्याकडं वळले, रांग जिन्यापर्यंत होती.
ती बाजूला झाली.
दाराशी चपला शोधत राहिली बराच वेळ,
दोनशे चपलांत आपली निळी.
दसऱ्यानंतर तिच्या जागेवर दुसरीच कुणी बसली.

लातूरच्या गाडीत खिडकी मिळाली.
कंडक्टर आला. मी चिठ्ठीच्या कोपऱ्यावर लिहिलं, लातूर एक.
त्यानं माझ्याकडं बघितलं. मग नीट बघितलं.
"बिराजदार मॅडम ना? मी नागनाथ केंद्रे.
खांबामागं बसायचो, फळा दिसत नव्हता.
बोलना झालाव की काहीच. चिडलाव का?"
मी चिठ्ठी पुढं केली.
त्यानं ती सगळी वाचली, औषधांसकट, ओठ हलवत.
माझा फळा इतका सावकाश कुणी वाचला नसेल.
"मग बसा निवांत," म्हणाला,
आणि शेजारच्या बाईला: "मावशे, मॅडमला बोलायचं न्हाई."
"मी कुठं म्हनते तिला बोल?" मावशी म्हणाली.
"ऐकंल की."

ऐकलं.
सुनेला सातवा लागलाय. रक्त कमी.
गोळ्या उशीखाली सापडल्या, एक पण खाल्लेली नाही.
पोरगं पुण्याला, कंपनीत, फोन उचलतं पण लवकर ठेवतं.
मध्येच मावशी गप्प व्हायची, बाहेर बघायची,
मी वाट बघायची,
आणि ती पुन्हा दुसरीकडूनच सुरू करायची.
तीन वेळा माझी जीभ टाळूला लागली.
तीन वेळा गिळलं ते "समजलं".

रेणापूर नाक्यावर गाडी रिकामी होत गेली.
चिठ्ठी उलटी करून
मी त्या मुलीचं नाव लिहायला घेतलं.
हजेरी क्रमांक लगेच आला. एकशे सदतीस.
पहिल्या टेस्टचे मार्क आले.
चपलेचा तुटका अंगठा आला, दोऱ्यानं शिवलेला.
नाव आलं नाही.

नागनाथ शेवटच्या सीटवर पैसे मोजत होता,
आणि त्यानं मला उतरा म्हटलं नाही.
मी पेन तसंच धरून बसले.
आजचा धरून आठ दिवस आहेत.